न ऐकू येणारा आवाज आणि आत्याची साय

श्रोतेहो, नमस्कार. आवाजानं दूध घुसळता येतं, म्हटलं तर पटेल? आपल्याला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. त्याच्या वरचा आवाज म्हणजे अल्ट्रासाउंड. चीजसाठीच्या दुधावर तो वापरून बघतात.

आमची आत्या म्हणाली, मला दाखव. किटलीभर म्हशीचं दूध घेऊन आम्ही एका प्रयोगशाळेत गेलो. बर्फात भांडं, भांड्यात दूध, दुधात बोटाएवढी टायटॅनियमची कांडी. बटण दाबलं मात्र, पत्र्यावर खिळा ओढावा तशी किंचाळी! आत्यानं पदर कानाला लावला. ‘‘न ऐकू येणारा आवाज म्हणालीस ना गं?’’ कांडीचा मूळ सूर ऐकू येत नाही, पण दुधात बुडबुडे फुटतात त्यांचा कल्ला येतो, हे सांगणाऱ्या मुलाचा फोन वाजला. तो बोलत राहिला, यंत्र चालत राहिलं. आत्या नाक मुरडून म्हणाली, ‘‘रबर जळतंय.’’ जळत काही नव्हतं, वास दुधालाच होता! जास्त वेळ चालवलं की असा वास येतो. दुसऱ्या खेपेला आत्याच घड्याळ धरून उभी.

ते दूध आणि किटलीतलं उरलेलं साधं दूध, दोन्ही रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी साध्या दुधावर साईचा जाड थर, दुसऱ्यावर काहीच नाही. आत्या गरजली, ‘‘साय कुठं गेली? तूप कशाचं कढवू?’’

साय कुठंही गेली नव्हती. ते बुडबुडे फुटताना स्निग्धांशाचे गोळे फोडतात, इतके बारीक की ते वर तरंगतच नाहीत. चीजला हेच हवं. विकर, म्हणजे एन्झाइम, घालून दूध जमवलं की हे बारीक कण प्रथिनांच्या जाळ्यात अडकतात, निवळीबरोबर, म्हणजे सुटणाऱ्या पाण्याबरोबर, कमी वाहून जातात. लक्षात ठेवा, कमी वाहून जातात. शिवाय निवळीतली काही प्रथिनंही केसिनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात, म्हणून हे जमलेलं दही घट्ट लागतं. पण मिनिटं मोजायची, हं. मिनिटं मोजायची.

निवळीवरून आठवलं: घरी पनीर करून ते पाणी मोरीत ओतणाऱ्यांचा मला राग येतो. कणीक भिजवा त्यात!

तर, त्या मुलानं आत्याला घट्ट दह्याचा नमुना चाखायला पुढं केला. तिनं तो बाजूला सारला, किटलीतली साय चमच्यानं डब्यात भरली आणि म्हणाली, ‘‘चल, बस चुकेल.’’