शत्रूच्या शिपायाला जागा कुठे?

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात अडगाव हे गाव आहे. नोव्हेंबर सरत आला की इथल्या शिवारात कापसाची वेचणी जोरात असते. बाया कंबरेच्या ओटीत कापूस गोळा करत कपाशीच्या ओळीतून पुढे सरकतात आणि ओटी भरली की धुऱ्यावर येऊन ती रिकामी करतात. याच दिवसांत, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, या भागात नागपूरकर भोसले आणि शिंदे यांची फौज आर्थर वेलस्लीच्या हाताखालील कंपनी सरकारच्या फौजेशी लढली आणि हरली. त्या रात्री चांदण्यात पाठलाग चालला आणि पुढच्या तीन आठवड्यांच्या आतच, देवगावच्या तहाने, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला.

त्या मैदानात पडलेल्यांपैकी शत्रू कोणाला म्हणायचे? भोसल्यांकडून अरबांच्या तुकड्या लढल्या. कंपनीकडून मद्रासकडचे शिपाई, म्हैसूरचे स्वार आणि स्कॉटलंडचे गोरे सैनिक लढले. वऱ्हाडी माणसाच्या दृष्टीने कंपनीची फौज ही शत्रूची फौज होती, यात शंका नाही. परंतु त्या फौजेत मेलेल्यांपैकी पुष्कळ जण याच देशातल्या कुठल्यातरी खेड्यातून पगारासाठी आलेले होते. पूर्वीच्या शत्रूच्या सैनिकांना लष्करी दफनभूमीत जागा द्यावी का, हा प्रश्न युरोपात शंभर वर्षे चर्चिला जातो आहे. तो आपलाही आहे. नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यात १८१७ च्या लढाईत भोसल्यांविरुद्ध लढताना पडलेल्या कंपनीच्या सैनिकांच्या कबरी आहेत, आणि हा किल्ला आज भारतीय लष्कराच्या ताब्यात आहे.

अशा वेळी आपल्याकडे ‘मरणान्तानि वैराणि’ हे वचन हमखास पुढे केले जाते. रावण पडल्यावर रामाने बिभीषणाला सांगितलेले ते शब्द थोर आहेत, पण ते अंत्यसंस्काराविषयी आहेत. लष्करी दफनभूमीचा प्रश्न त्यापुढे जातो, कारण तिथे केवळ देह मातीआड होत नाही. तिथे राष्ट्र वर्षानुवर्षे निगा राखते, पुष्पचक्र वाहते आणि सलामी देते.

कायदा यातले निम्मे उत्तर देतो. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराचे १७ वे कलम सांगते की युद्धातील मृतांचे दफन सन्मानाने आणि शक्य असेल तर त्यांच्या धर्माच्या रीतीने व्हावे, कबरींचा आदर राखला जावा, शक्यतो राष्ट्रीयत्वानुसार त्या एकत्र असाव्यात, त्यांची नीट निगा राखावी आणि केव्हाही सापडतील अशा खुणा त्यांवर असाव्यात. भारताने त्यासाठी १९६० साली स्वतंत्र कायदाही केला. मात्र कबर आपल्याच सैनिकांच्या आवारात हवी, असे हे कलम म्हणत नाही.

म्हणून विरोध करणाऱ्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. विदर्भातल्या ज्या गावाच्या चौकात एखाद्या जवानाचे स्मारक आहे, ज्या घरात त्याचा फोटो हार घालून भिंतीवर टांगलेला आहे, त्या घरातल्या आईने म्हटले की माझ्या लेकावर ज्याने गोळी झाडली त्याला माझ्या लेकाशेजारी झोपवू नका, तर तिला उदारपणाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. इंग्लंडमध्ये दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सुमारे ५,००० जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसांसाठी कॅनक चेस येथे स्वतंत्र दफनभूमी झाली आणि ती १९६७ मध्ये खुली झाली. ही वेगळी जागा म्हणजे काही अपमान नव्हे.

तरीही माझे मत जागा द्यावी असेच आहे, आणि त्याचे कारण बर्लिनच्या दक्षिणेला झेरेन्सडॉर्फ येथे आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत मरण पावलेल्या २०६ भारतीयांच्या नोंदी त्या दफनभूमीत आहेत. तिथे शत्रूचा शिपाई म्हणजे आपला माणूस होता. पुढे लष्करी वापरामुळे त्या जागेची पार दुर्दशा झाली, तेव्हा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने ती नव्याने उभी केली. परमुलखात मेलेल्या आपल्या माणसाचे नाव दगडावर राहावे असे आपल्याला वाटत असेल, तर आपल्या मातीत पडलेल्या परक्याचे नाव पुसण्याची मुभा आपल्याला उरत नाही. कारगिलमध्ये १९९९ साली पाकिस्तानने आपलेच सैनिक ओळखायला नकार दिला, तेव्हा भारतीय लष्कराने त्यांतल्या अनेकांचे दफन इस्लामी रीतीने केले. ज्यांचे स्वतःचे सोबती नुकतेच पडले होते, अशा जवानांनी ते केले. त्यापुढे आपण घरबसल्या घातलेले वाद फिके आहेत.

एक मर्यादा मात्र मी सोडणार नाही. ५ मे १९८५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन जर्मनीतल्या बिटबुर्गच्या दफनभूमीत गेले, तेव्हा तिथल्या सुमारे २,००० कबरींमध्ये ४९ वाफेन-एसएस या नाझींच्या सशस्त्र दलातील सैनिकांच्या होत्या आणि त्यावरून जगभर संताप उसळला. तो संताप रास्त होता. कबरींना कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती राष्ट्रप्रमुखाने तिथे फूल वाहण्याला. नाव, पद, तुकडी, तारीख आणि ज्याच्या त्याच्या धर्माची खूण, एवढे प्रत्येक मृताला द्यावे. शत्रूची रांग वेगळी असावी, पण कुंपण एकच असावे आणि गवत दोन्हीकडचे सारखेच कापले जावे. सलामी मात्र ज्याची त्याने आपल्या माणसाला द्यावी.

विदर्भात याची सुरुवात गाविलगडावरून करता येईल. १५ डिसेंबर १८०३ रोजी कंपनीने तो किल्ला घेतला, तेव्हा किल्लेदार बेनीसिंग आणि त्याच्याबरोबरचे राजपूत लढता लढता मारले गेले. चिखलदऱ्याला येणारा पर्यटक तलाव आणि तोफा पाहून परततो. तिथे एक साधा फलक लावावा. त्यावर बेनीसिंगचे नाव आधी असावे आणि त्याखाली, त्याच फलकावर, चढाई करताना पडलेल्या मद्रासी शिपायांचा आणि गोऱ्या सैनिकांचाही उल्लेख असावा.