उजव्या कप्प्याचे इंधन

(दृश्य: धडधडणारे हृदय, उजवी बाजू ठळक)

हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला एकच काम असते, ते म्हणजे सर्व शरीर फिरून आलेले रक्त फुप्फुसांत ढकलणे. हे रक्त विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर असते, म्हणजे डावा कप्पा शरीरभर पाठवतो तेवढेच. फरक दाबाचा आहे. दंडावर मोजलेल्या रक्तदाबाचा वरचा आकडा १२० असतो, तेव्हा फुप्फुस धमनीतला वरचा आकडा २५ च्या आत-बाहेर आणि सरासरी दाब १४ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास राहतो. एवढ्या हलक्या कामाची सवय असल्यामुळे उजव्या कप्प्याची भिंत डाव्याच्या साधारण एक तृतीयांश जाडीची असते.

हा सरासरी दाब २० च्या वर गेला, की त्याला फुप्फुसांतील उच्च रक्तदाब म्हणतात. दंडाला पट्टा बांधून तो कळत नाही. जिना चढताना धाप लागते, घोट्यांवर सूज येते, एखाद्या वेळी भोवळही येते आणि तपासणीत रक्तदाब मात्र ‘नॉर्मल’ निघतो. रुग्ण अंगाने स्थूल असेल, तर वजन कमी करण्याचा सल्ला घेऊन तो घरी परततो. हा सल्ला चुकीचा नाही. पण या आजाराशी चरबीचे जे नाते आहे, ते वजनकाट्यावर दिसण्याइतके सरळ नाही.

(दृश्य: १९६० च्या दशकातील युरोपातले औषधाचे दुकान)

हे नाते पहिल्यांदा चर्चेत आले ते उलट्या बाजूने. १९६५ मध्ये स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत ‘अॅमिनोरेक्स’ नावाची भूक मारणारी गोळी बाजारात आली. दोन-तीन वर्षांतच तेथील हृदयरोगतज्ज्ञांना एरवी क्वचित दिसणाऱ्या या आजाराचे रुग्ण दहा ते वीस पटींनी अधिक दिसू लागले. १९६८ मध्ये गोळी मागे घेण्यात आली आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजारावरची पहिली आंतरराष्ट्रीय बैठक जिनिव्हात भरवली. लोकांना बारीक होणेच बाधले, असा अर्थ मात्र यातून काढू नये. रक्तवाहिन्या आकसण्याचे आणि त्यांच्या भिंती जाड होण्याचे कारण गोळीचा सेरोटोनिन या शरीरातील निरोप्या रसायनावरचा परिणाम हे होते. चरबीशी त्याचा थेट संबंध नव्हता. लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. गोळी घेणाऱ्यांपैकी थोड्यांनाच आजार झाला, म्हणजे या थोड्यांच्या शरीरात आधीपासून काहीतरी कच्चे होते. त्या कच्चेपणाचा एक मोठा धागा २००० मध्ये सापडला. आनुवंशिक प्रकारच्या अनेक रुग्णांमध्ये बीएमपीआर-२ या जनुकात दोष आढळला.

(दृश्य: प्रयोगशाळेतील उंदीर)

चरबीचा थेट धागा त्यानंतर काही वर्षांनी उंदरांमध्ये हाती लागला. रक्तातून मेद वाहून नेणारे ‘एपो-ई’ हे प्रथिन ज्यांच्यात नाही, अशा उंदरांना अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने चरबीयुक्त खाद्य दिले. त्यांच्यात इन्शुलिन नीट काम करेनासे झाले आणि फुप्फुसांतला दाबही चढला. पेशीच्या केंद्रात ‘पीपीएआर-गॅमा’ नावाचे एक प्रथिन असते. चरबी साठवायची की जाळायची, हे ठरवणारी जनुके ते चालू-बंद करते. त्याला चेतवणारे मधुमेहाचे औषध दिल्यावर या उंदरांचा दाब उतरला. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी त्याच गटाने दाखवले की धमनीच्या स्नायूपेशीत बीएमपीआर-२ कडून निघालेला संदेश पीपीएआर-गॅमामार्गेच एपो-ईपर्यंत पोहोचतो. आनुवंशिक दोष आणि चरबीचे व्यवस्थापन हे दोन वेगळे विषय नसून एकाच दोरीची दोन टोके आहेत, ही शक्यता येथे पहिल्यांदा ठोसपणे पुढे आली. गंमत अशी, की त्या प्रयोगात नर उंदीर अधिक आजारी पडले, आणि माणसांत हा आजार बायकांना जास्त होतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालील हृदयस्नायू)

आता उजव्या कप्प्याच्या स्नायूकडे अगदी जवळून पाहू. हा पातळ काप ‘ऑइल रेड ओ’ या रंगात बुडवलेला आहे, जो फक्त मेदाला धरतो. निरोगी स्नायूत लाल ठिपका शोधावा लागतो. बीएमपीआर-२ चा दोष असलेल्या रुग्णाच्या स्नायूत मात्र तंतूंमध्ये बारीक लाल थेंब जागोजागी दिसतात. अशा माणसाच्या पोटावर चरबी असेलच असे नाही. चरबी साचली आहे ती आत, जिथे ती साचायची नसून जळायची होती.

निरोगी हृदय आपली निम्म्याहून अधिक ऊर्जा मेदाम्ले, म्हणजे मेदाचे घटक, जाळून मिळवते आणि उरलेली बहुतांशी ग्लुकोजपासून. ही दोन्ही इंधने एकमेकांना अडवतात, एकाचा वापर वाढला की दुसऱ्याचा घटतो, हे फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडले होते. दाबाखाली सतत राबणाऱ्या उजव्या कप्प्यात तंतुकणिकांमधले, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांमधले, मेदाचे ज्वलन मंदावते. पेशी ग्लुकोजकडे वळते आणि तेही पूर्ण न जाळता अर्ध्यावर सोडते. मेद मात्र रक्तातून येतच राहतो. न जळलेला मेद थेंबांच्या रूपात साचतो आणि त्यापासून तयार होणारे काही घटक पेशीला विषारी ठरतात. चूल विझत चालली असताना लाकडे आत टाकत राहावे, तसे हे होते.

यावर उपाय काय, याबद्दल तज्ज्ञांमध्ये दोन तट आहेत, आणि ते परस्परविरोधी आहेत. तेवढीच ऊर्जा मिळवण्यासाठी मेदाला ग्लुकोजपेक्षा जास्त प्राणवायू लागतो. म्हणून एका तटाला वाटते, की मेदाचे ज्वलन आणखी दाबावे आणि ग्लुकोज पूर्ण जळू द्यावे. छातीच्या कळेवर आपल्याकडेही दिले जाणारे ट्रायमेटाझिडीन हे या विचारातले औषध आहे. दुसरा तट म्हणतो, की मेद जाळण्याची क्षमताच परत आणावी. २०१८ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरच्या संशोधकांनी पायोग्लिटाझोन हे पीपीएआर-गॅमाला चेतवणारे मधुमेहाचे औषध देऊन उंदरांच्या मोठ्या भाईबंदांमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतील ‘रॅट’मध्ये, उजव्या कप्प्याची मेद जाळण्याची ताकद परत आल्याचे आणि दाबही उतरल्याचे दाखवले. हे नाव महाराष्ट्रातल्या अनेक मधुमेही घरांत ओळखीचे आहे, म्हणून येथेच सांगितले पाहिजे, की हे औषध अंगात पाणी धरून ठेवते आणि हृदय थकलेल्या रुग्णाला धोक्याचे ठरू शकते. प्राण्यांवरच्या यशावरून कोणी स्वतःच्या गोळ्या बदलू नयेत.

(दृश्य: कॅथ लॅब, म्हणजे शिरेतून नळी घालून हृदय तपासण्याची खोली; पडद्यावर दाबाची लाट)

स्थूल माणसाच्या फुप्फुसांतला दाब बहुतेक वेळा याहून साध्या वाटेने चढतो. झोपेत श्वास अडून प्राणवायू कमी होतो, त्यामुळे फुप्फुसांतल्या वाहिन्या आकसतात. किंवा डावा कप्पा ताठर होऊन रक्त मागे तुंबते. प्रत्येकाचे उपचार वेगळे आहेत, आणि फुप्फुस धमन्या रुंदावणारी महागडी औषधे डाव्या कप्प्याच्या आजारात दिली, तर फुप्फुसांत पाणी भरू शकते. म्हणून मान किंवा जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी उजव्या हृदयातून पुढे फुप्फुस धमनीत नेतात. टोकाचा इवलासा फुगा फुगवला, की तो धमनीच्या एका फांदीत अडकतो, पलीकडचा प्रवाह थांबतो आणि पडद्यावरची उंच लाट खाली येऊन सपाटल्यासारखी होते. आता जो आकडा दिसतो, तो हृदयाच्या डाव्या बाजूच्या दाबाचा असतो. तो १५ किंवा त्याहून कमी असेल, तर दोष फुप्फुसांच्या वाहिन्यांत शोधायचा. १५ च्या वर असेल, तर डाव्या हृदयाकडे वळायचे. आकडा टिपला, की डॉक्टर फुगा रिकामा करतात आणि लाट पुन्हा उंच होते.