पंचनामा आणि पिलबाग

अध्यक्ष महोदय आणि जळगावकर श्रोतेहो,

मेंदूची रक्तवाहिनी गाठीने तुंबून लकवा झाल्यावर रुग्ण कितपत सुधारेल हे रक्त तपासून सांगता येईल काय, असा आजचा विषय आहे. पत्रिकेत त्यापुढे ‘अलीकडील प्रगती’ असेही छापले आहे. प्रगतीकडे मी येईनच, परंतु त्याआधी एका बल्बची कथा सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. बल्ब दिव्याचा नव्हे, रक्ताचा. पॅथॉलॉजीच्या मंडळींनी इतक्यात हसू नये, कथा त्यांच्यावरच आहे.

काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, रावेरकडच्या एका केळी बागायतदाराच्या अंगावरून वारे गेले. गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते साडेचार तास तेल चोळण्यात गेले, आणि रुग्ण माझ्यापर्यंत आला तो दुसऱ्या दिवशी. दरम्यान तालुक्याच्या गावी कोणा उत्साही माणसाने ‘न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज’ ही तपासणी लिहून दिली होती. नावावरून वाटते की हे विकर फक्त मज्जापेशींचेच असावे. प्रत्यक्षात ते तांबड्या रक्तपेशींतही भरपूर असते, आणि त्या फुटल्या की आकडा फुगतो. तो बल्ब सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारे पिवळसर पाणी, वेगळे न करताच पंचेचाळिसाच्या पाऱ्यात जळगावला आला. पेशी फुटून सीरम गुलाबी झाले असणार, पण रिपोर्टवर त्याबद्दल एक अक्षर नव्हते. होता तो फक्त ठळक छापलेला, भरमसाट आकडा. मुलाने तो मोबाइलवर आधीच वाचला होता. त्याने मला विचारले, “डॉक्टर, मन्हा बापना हात उठी का?” आणि मी, सांगायला संकोच वाटतो, हाताकडे पाहण्याआधी कागदाकडे पाहिले.

तिसऱ्या दिवशी चादर ओढून घेताना त्या गृहस्थांची बोटे किंचित उघडली. ते पाहिले त्यांच्या पत्नीने, मी नव्हे. रक्त पुन्हा नीट काढून तपासले, तेव्हा आकडा पहिल्याच्या जवळपासही नव्हता. सहा महिन्यांनी ते त्याच हातात विळा धरून केळीची जादा पिले, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, काढत होते.

त्या पिलांवरूनच मला माझा मुद्दा सुचला. वादळाने बाग आडवी झाली की तलाठी येऊन पडलेल्या खोडांची मोजणी करतो. ती आवश्यकच आहे, परंतु पुढची पिलबाग, म्हणजे त्या कोंबांतून उभी राहणारी बाग, कशी येईल हे पडलेल्या खोडांवर नव्हे, तर बुडाशी जिवंत राहिलेल्या कंदावर आणि पिलांवर ठरते. रक्तात उतरणारी ही प्रथिने बहुतांशी इजा झालेल्या व मेलेल्या पेशींची असतात. हात उचलायचा असतो तो मात्र जिवंत उरलेल्या मार्गांनी. रक्त पंचनामा करते, आणि आपण त्याला पिलबागेचे भविष्य विचारतो.

चिठ्ठी आली आहे, म्हणून प्रगती आता धावतच सांगतो. जीएफएपी हे मेंदूतील आधारपेशींचे प्रथिन पहिल्या काही तासांत उपयोगी पडते, पण ते मुख्यतः गाठ की रक्तस्राव, या वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. एस-१००-बी हे आधारपेशींचेच दुसरे प्रथिन साधारण दोन-तीन दिवसांनी शिखर गाठते आणि मृत भागाच्या आकारमानाशी बऱ्यापैकी जुळते. मात्र मेंदूच्या आतल्या चिंचोळ्या वाटेतील वाटाण्याएवढा घाव सबंध हात लुळा करतो, तर अन्यत्रचा त्याहून मोठा घाव कधी जाणवतही नाही. किती गेले हे रक्त सांगते, कोठले गेले हे सांगत नाही. कोपेप्टिन हा रक्तातला आणखी एक घटक शरीरावरचा ताण दाखवतो. सर्वांत आशादायक आहे ते न्यूरोफिलामेंट लाइट चेन, म्हणजे मज्जातंतूच्या आतल्या सांगाड्याचा तुकडा. तीन महिन्यांनंतरच्या स्थितीशी त्याचे नाते अनेक अभ्यासांत दिसले आहे, परंतु ते दिवसागणिक चढत सुमारे तिसऱ्या आठवड्यात शिखरावर जाते. शिवाय वाढत्या वयात आणि मूत्रपिंड थकलेल्या माणसात ते मुळातच जास्त असते. शंभर रुग्णांचे गट पाडायला हे आकडे चांगले आहेत. खाट क्रमांक सातवरच्या रुग्णाच्या मुलाला उत्तर द्यायला अपुरे आहेत.

याउलट नेदरलँड्समधील २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहावा. दुसऱ्या दिवशी बोटे थोडी सरळ होत असतील आणि खांदा बाजूला थोडा उचलला जात असेल, तर सहा महिन्यांनी हातात काही कौशल्य परतण्याची शक्यता ९८ टक्के होती. दोन्ही होत नसेल तर २५ टक्के. या तपासणीला बल्ब लागत नाही, आणि ती जे जिवंत आहे तेच मोजते. नवी रक्ततपासणी या दोन हालचालींपेक्षा अधिक काय सांगते, एवढेच तिला विचारावे, आणि बोटे अजिबात हलत नसलेल्या रुग्णांत विचारावे, कारण अडचण तेथेच आहे.

अध्यक्ष घड्याळ दाखवीत आहेत. प्रयोगशाळेच्या मंडळींकडे जाता जाता एकच मागणे आहे: सीरम गुलाबी असेल तर तसे रिपोर्टवर लिहावे, आणि बल्बवर नावाबरोबर लकवा किती वाजता झाला तेही लिहून घ्यावे, कारण त्या वेळेवाचून यांतील एकही आकडा मला वाचता येत नाही.