मग, मग धुतला का?

नमस्कार मंडळी. आज हा काय फालतू विषय घेऊन आलाय असं काहींना वाटेल, पण ऐका तर खरं. विषय आहे कॉफीचा मग. म्हणजे कॉफी नाही, कॉफी संपल्यावर टेबलावर जो उरतो तो मग, आणि तो धुवायचा कधी, कशाने, किती वेळा. आता मराठीत पंचाईत अशी आहे की मग म्हणजे कप आणि मग म्हणजे नंतर, त्यामुळे कोणी विचारलं मग धुतलास का, की आपण बसल्या जागेवरून म्हणतो, मग धुतो. आणि तो दुसरा मग काही लवकर उजाडत नाही. इथे माझ्यासमोर माइकशेजारी दोन मग ठेवलेत, एक चमचा पण आणलाय, त्यांचं काम शेवटी आहे तोवर राहू देत.

तर मी पूर्वी एका ऑफिसात होतो तिथली गोष्ट. एका शुक्रवारी दूध-साखरेच्या कॉफीचा अर्धा मग टेबलावर तसाच ठेवून निघून गेलो, पुढे सुट्टी जोडून आली, चौथ्या दिवशी येऊन बघतो तर मगात वरती एक गोल चकती तयार झालेली, मधे हिरवट, कडेला पांढरी, आणि हलवलं तरी फुटेना, जाड सायीसारखी नुसती डुलत होती. मी नाक धरून ते ओतलं, सिंकशेजारी सगळ्यांसाठी म्हणून जो स्पंज पडलेला असायचा त्याने मग खसाखसा घासला, गार पाण्याखाली विसळला आणि पाच मिनिटात त्यातच नवीन कॉफी घेऊन बसलो. शेजारच्या टेबलावर एकजण होता, फक्त काळी कॉफी प्यायचा, बिनसाखरेची, आणि त्याचा मग आतून इतका तपकिरी झालेला की मूळचा रंग पांढरा होता हे सांगावं लागायचं. सगळे त्याच्या मगाला नावं ठेवायचे, मी पण ठेवायचो. आज विचाराल तर त्या दिवशी आमच्या दोघांत घाणेरड्या मगातून मीच पीत होतो, तो नाही.

कारण डाग वेगळा आणि घाण वेगळी, आणि आपण नेमकं उलटं धरून बसतो. तो तपकिरी रंग येतो कॉफीतल्या पॉलिफेनॉल नावाच्या द्रव्यांमुळे आणि बिया भाजताना जे गडद रंगाचे पदार्थ तयार होतात त्यांच्यामुळे. हे मगाच्या आतल्या बारीक बारीक चऱ्यांत जाऊन बसतात, पाणी जड असेल तर पाण्यातले क्षार त्यांना आणखी घट्ट धरून ठेवतात, पुटावर पुट चढत जातं. दिसायला वाईट, पण तो वाळलेला रंग आहे, त्याने कोणी आजारी पडत नाही. आजारी पाडू शकतं ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही.

दूध आणि साखर असली की गोष्ट बदलते. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू जोरात वाढतात, आणि टेबलावर गार होत बसलेली कॉफी थोड्या वेळात बरोब्बर त्याच पट्ट्यात येऊन बसते. काही जंतू तर सगळं मनासारखं मिळालं की २० मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे दोन तासांत एकाचे ६४, पुढचा हिशोब तुम्हीच करा. काळ्या कॉफीत तसं त्यांना खायला फार नसतं, शिवाय ती थोडी आंबट बाजूची असते, पीएच साधारण ५ च्या आसपास, त्यामुळे वाढ हळू. हळू म्हणतोय, शून्य नाही म्हणत, चार दिवस ठेवली तर बुरशी काळ्या कॉफीवर पण येते.

तर मग किती वेळा धुवायचा. माझं म्हणणं सरळ आहे, दूध असेल तर प्रत्येक वेळी, साबणाने, आणि शक्यतो मग कोमट आहे तोवरच. काळी पीत असाल, मग फक्त तुमचाच असेल आणि दिवसभरात तीन-चारदा भरत असाल, तर मधल्या वेळी नुसतं विसळलं तरी चालतं, पण रात्री झोपायच्या आधी एकदा साबण लागलाच पाहिजे. दोघंतिघं एकाच मगातून पीत असतील तर मग काही चर्चाच नाही, प्रत्येक वेळी धुवा. आपले जंतू आपल्याला फारसे नडत नाहीत, दुसऱ्याची सर्दी मात्र नडते.

बरं, काळी पिणारे लगेच म्हणतील की आमच्यात दूधच नाही तर साबण कशाला. तेलासाठी. हो, कॉफीत तेल असतं, अरेबिका जातीच्या बियांत वजनाच्या साधारण १५ टक्के आणि रोबस्टात १० च्या आसपास स्निग्ध पदार्थ असतात. कागदाच्या फिल्टरमधून गाळली तर बहुतेक तेल कागदातच राहतं. हा कागदी फिल्टर जर्मनीत मेलिटा बेंट्झ या बाईंनी काढला, १९०८ साली, भांड्याला भोकं पाडून आणि त्यावर टिपकागद ठेवून, त्यांना तेलाशी घेणंदेणं नव्हतं, कपात गाळ येतो म्हणून वैतागल्या होत्या. पण फ्रेंच प्रेस किंवा एस्प्रेसो असेल, म्हणजे मधे कागदाऐवजी धातूची जाळी असेल, तर ते तेल सरळ मगात उतरतं, भिंतीला चिकटतं आणि हवेने खवट होतं. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही हे भांडी घासणाऱ्या कोणालाही माहितीये. रिकामा, कोरडा मग नाकाशी धरून बघा, जुन्या डब्यातल्या शेंगदाण्यांसारखा वास आला तर उद्याच्या कॉफीत तीच चव उतरणार, आणि आपण दोष देणार पावडरीला.

आता स्पंज. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझा जुना राग आहे त्याच्यावर. २०१७ साली जर्मनीतल्या फुर्टवांगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरातले वापरलेले १४ स्पंज तपासले, आणि काही ठिकाणी एका घन सेंटीमीटरमध्ये, म्हणजे साखरेच्या लहानशा चौकोनी खड्याएवढ्या जागेत, ५४०० कोटींपर्यंत जंतू सापडले. सगळेच काही धोक्याचे नसतात, घाबरून जाऊ नका, पण त्यात मोराक्सेला नावाच्या जातीचा एक जंतू होता, ओलसर राहिलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो त्याच्यामागे हाच असतो. आणि गंमत म्हणजे जे लोक आमचा स्पंज आम्ही अधूनमधून उकळतो, मायक्रोवेव्हमध्ये फिरवतो असं म्हणत होते, त्यांच्या स्पंजातही जंतू काही कमी नव्हते. शेवटी त्यांनी सल्ला काय दिला तर आठवड्याला स्पंज बदला. म्हणून म्हणतो, त्या दिवशी मी तो मग स्वच्छ केला नव्हता, स्पंजातलं जे काय होतं ते मगाला फासलं होतं, आणि गार पाण्याने वर पॉलिश.

घरी मी आता मगासाठी लांब दांड्याचा ब्रश ठेवलाय, तो झटकून उभा ठेवला की तासाभरात वाळतो, स्पंज दिवस दिवस ओला राहतो. ब्रश नसेल तर बोटं बेस्ट, खरंच सांगतो, बोटावर लिक्विडचा एक थेंब, सोसेल इतकं गरम पाणी, आधी तळ, मग भिंत, मग ओठ लागतात ती कड आतून बाहेरून, आणि मग कान. मगाचा कान कोणी धुतच नाही! दिवसभर आपण त्यालाच धरतो, कीबोर्डवरून उचललेला हात, फोनवरून उचललेला हात, सगळे त्यालाच लागतात, आणि धुताना आपण कानाला धरूनच मगाच्या पोटात ब्रश फिरवतो. कान जिथे भिंतीला चिकटतो त्या बेचक्यात एकदा नख घालून बघा. नको, जेवायला बसला असाल तर नंतर बघा. कडेला लिपस्टिक लागली असेल तर आधी पाणी घालू नका, ती मेणचट असते, कोरड्यावरच लिक्विडचा थेंब चोळा, टिश्यूने पुसा आणि नंतर पाणी.

डाग घालवायचाच असेल, पाहुणे येणार असतील किंवा तुम्हाला बघवत नसेल, तर खायचा सोडा. ओल्या मगात चमचाभर, बोटाने पेस्टसारखं करायचं आणि गोल गोल घासायचं, जोर लागत नाही. तो मगाला ओरखडे पाडत नाही याचं कारण साधं आहे, कठीणपणाची जी १ ते १० अशी मोजपट्टी असते तिच्यावर हिरा १०, मगावरची काचेसारखी झिलई साधारण ५ ते ६ आणि सोडा जेमतेम अडीच, त्यामुळे सोडा डाग खरवडतो पण झिलईला हात लावू शकत नाही. साधं मीठ पण चालतं. तारेची घासणी मात्र नको, ती करड्या रेघा सोडते. तशाच रेघा मगाच्या तळाशी चमच्याने ढवळून ढवळून येतात आणि आपल्याला वाटतं मगाला चरे गेले, बहुतेक वेळा मगावर चमच्याचं धातू घासून बसलेलं असतं, पेन्सिलीची रेघ उमटावी तसं, सोड्याने बऱ्यापैकी निघतं.

पांढरट, खरखरीत थर असेल तर तो पाण्यातल्या क्षारांचा, त्याला आंबट लागतं, व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस, थोडा वेळ ठेवलं की सुटतो. पण सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून जो फेसाचा तमाशा लोक करतात ना, तो नुसता तमाशाच आहे, एक अल्कली एक आम्ल, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि खाली उरतं जवळपास खारट पाणी. आधी एक वापरा, धुवा, मग दुसरं. आणि क्लोरीनवाल्या ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू कधी म्हणजे कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो विषारी आहे, मगाच्या डागासाठी फुप्फुसं कोण जाळून घेईल.

झाकणवाले स्टीलचे मग हा वेगळाच वैताग. हवा काढून टाकलेल्या दुहेरी भिंतीचं भांडं जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये बनवलं, त्याला त्यात अतिथंड द्रव वायू ठेवायचे होते, झाकणाला आंबूस वास येण्याचा प्रश्न त्याच्यापुढे नसणार. आपल्याला आहे. त्या झाकणात एक रबरासारखी रिंग असते, ती बोटाने, नाहीतर चमच्याच्या मागच्या टोकाने काढता येते हे मला दोन वर्षं माहितीच नव्हतं. काढली, तर मागे दुधाचा काळपट चिकट पट्टा. तेव्हापासून रिंग रोज निघते, वेगळी धुतली जाते, वेगळी वाळते. आतले डाग ऑक्सिजनवाल्या ब्लीचने छान जातात, छोटा चमचा पावडर, वरून गरम पाणी, अर्धा तास, मग भरपूर पाण्याने विसळायचं. फक्त तेवढा वेळ झाकण लावायचं नाही, आत वायू तयार होत असतो, दाब वाढला तर झाकण उडेल. क्लोरीनचं ब्लीच स्टीलला नको, बारीक खड्डे पडतात.

धुतल्यावर मग सपाट ओट्यावर पालथा घालू नका, आत वाफ कोंडते आणि सकाळी कुबट वास, जाळीवर ठेवा. कालपासून ओलं असलेलं फडकं आत फिरवू नका, स्पंजचीच बहीण ती.

आणि मग फेकायचा कधी. आता हे दोन मग. हा पहिला, आतून तपकिरी आहे, बघणारा नाक मुरडेल, पण चमच्याने वाजवतो, ऐका. टण्ण. छान आहे, अजून खूप वर्षं चालेल. हा दुसरा दिसायला एकदम पांढरा शुभ्र, कालच घासलाय. पण प्रकाशात धरला तर कानाच्या खालून तळापर्यंत केसाएवढी रेघ जाते, तिच्यात कॉफी मुरते आणि तिथे ना ब्रश पोचत ना बोट, वर गरम कॉफी ओतताना कधीतरी हातातच दोन तुकडे व्हायचे. हा वाजवतो. ऐकलंत? बद्द. याच्यात आजपासून पेनं.