पत्रातलं शहर

पडद्यावर दिसतोय तो सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांचा संगम. इथे उभं राहिलेलं जमशेदपूर आधी कागदावर उतरलं होतं, १९०२ सालच्या एका पत्रात.

जमशेदजी टाटांनी ते परदेशातून आपल्या मुलाला, दोराबजींना लिहिलं. पोलादाचा कारखाना कुठे निघणार, हे तेव्हा ठरलेलंही नव्हतं. पण कामगारांचं गाव कसं असावं, याबद्दल त्यांनी बारकाईनं सांगितलं होतं. रस्ते रुंद हवेत. दुतर्फा सावलीची झाडं हवीत, त्यातलं एकाआड एक झाड झपाट्यानं वाढणारं. बागा हव्यात, फुटबॉल-हॉकीला मैदानं हवीत, मंदिर, मशीद आणि चर्चसाठी जागा हव्यात. त्या झपाट्यानं वाढणाऱ्या झाडांपाशी मन थबकतं. भट्टीसमोर पाळी करून घरी निघालेल्या माणसाला सावली आज लागते, वीस वर्षांनी नाही.

१९०४ मध्ये जमशेदजी गेले. जागा सापडली ती त्यानंतर, १९०७ च्या अखेरीस. मयूरभंजच्या डोंगरातलं लोहखनिज, झरियाचा कोळसा, नद्यांचं पाणी आणि जवळच कालीमाटी रेल्वे स्टेशन. या सगळ्यांच्या मध्ये साकची नावाचं आदिवासी गाव होतं. १९०८ मध्ये काम सुरू झालं आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिलं पोलाद निघालं. त्याच वर्षी आठ तासांची पाळीही लागू झाली.

गावाचा पहिला नकाशा काढला तो पिट्सबर्गच्या इंजिनिअरांनी, ज्युलियन केनेडी यांच्या कंपनीनं. पण माणसं नकाशासाठी थांबली नाहीत. १९११ मध्ये जेमतेम साडेपाच हजारांची वस्ती होती. मग महायुद्ध आलं, रुळांची मागणी वाढली आणि दहा वर्षांत ही संख्या ५७ हजारांवर गेली. कंपनीची घरं पुरेनात. पत्रातल्या रुंद रस्त्यांच्या पलीकडे, नळ आणि गटारं नसलेल्या बस्त्या वाढत गेल्या. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, त्या संथाळ आणि हो लोकांपैकी कित्येक जण तिथेच हजेरीवर राबत होते. त्यांच्या झोपड्यांची नीट आखणी व्हावी म्हणून पुढे एफ. सी. टेंपल या इंजिनिअरानं षटकोनी रचना सुचवली. दखल घेतली गेली, पण उशिरा.

जानेवारी १९१९ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड आले आणि साकचीचं जमशेदपूर झालं. कालीमाटी स्टेशनवर टाटानगरची पाटी लागली. शहरातल्या गजबजलेल्या बाजाराला मात्र लोक अजून साकचीच म्हणतात.