रविवारी रात्री नऊ

(दृश्य: जांबोटी-कणकुंबी रस्ता. पाऊस. चढावर छत्रीखाली एक मुलगी, हातात मोबाइल.)

मलप्रभेच्या उगमाजवळच्या या रानात पावसाळ्यात रेंज येते-जाते. म्हणून ती घरातून निघून या चढावर येते. फोनवर पलीकडे निपाणीची एक सून आहे, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत पाळी करून आलेला एक कामगार. तिघं एकाच ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या एका गटात आहेत.

"काय करलालीस? असाइनमेंट झाली काय?"

2017 साली 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ सुरू झालं. पुढे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2021 च्या नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय असे ऑनलाइन घ्यायला मुभा दिली. खानापूर तालुक्यातल्या मुलीला रोजच्या बसची वाट बघावी लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

पण सवडीचा अभ्यास सवडीतच हरवतो. आधी रोप लावणी येते, मग गणपती. व्हिडिओ कुठं पळून जात नाहीत, म्हणून ते राहून जातात.

(दृश्य: निपाणी. चुलीपाशी उघडी वही.)

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की माणसाची आतली ओढ तीन गोष्टींवर टिकते: निवड आपली असणं, 'मला जमतंय' असं वाटणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. सवड पहिली गोष्ट देते. तिसरी मात्र कुणीतरी मुद्दाम घडवावी लागते.

या तिघांच्या प्राध्यापकांनी ती घडवली. गट हजेरी क्रमांकाने पाडले नाहीत. कोण किती वाजता मोकळं असतं, ते विचारून पाडले. गट तिघा-चौघांचाच, कारण दहा जणांत गप्प बसणं सोपं. दर आठवड्याला एकाने एक धडा बाकीच्यांना मराठीत समजावायचा. एकानं राबायचं आणि सगळ्यांनी गुण घ्यायचे, हे रुसवे टाळायला प्रत्येकाच्या भागाचे गुण वेगळे.

आणि चुकायलाही जागा हवी. 'स्वयम्'वर आयआयटींचे अभ्यासक्रम देणाऱ्या एनपीटेलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारापैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंटचे गुण धरतात. लावणीचा आठवडा बुडाला तरी मुलगी बाद होत नाही. मला हा नियम फार माणुसकीचा वाटतो.

(दृश्य: पुन्हा चढ. फोन कट होतो.)

रेंज गेली. निपाणीत आणि उद्यमबागेत दोघं लाइनवर थांबलेत. धडा आज तिचा आहे.

(आवाज: पाऊस. मग रिंग.)