चाकं धुताना टायरवरून हात फिरवा

नमस्कार मंडळी. दसरा तोंडावर आलाय, आता गल्लोगल्ली पाईप आणि बादल्या बाहेर निघणार, गाड्या धुतल्या जाणार, मग झेंडूचा हार, हळदकुंकू, टायरखाली लिंबू. आज मला बोलायचंय ते त्या चाकांबद्दल आणि टायरबद्दल. कारण गॅरेजमध्ये रोज बघतो, गाडीचं बॉनेट चकाचक असतं आणि खाली वाकून रिमच्या आत टॉर्च मारला तर जूनपासूनचा चिखल तसाच वाळून बसलेला असतो. अख्ख्या गाडीचं रस्त्याला टेकतं ते चार ठिकाणी तळहाताएवढं रबर, ब्रेक काय, वळण काय, सगळं त्याच्यावर, आणि त्याच्याकडेच आपण सगळ्यात कमी बघतो.

त्या चिखलाचंच आधी सांगतो. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडची काळी माती किती चिकट असते ते तुम्हाला सांगायला नको. शेताकडं गाडी गेली की ती रिमच्या आतल्या बाजूला एकाच जागी चिकटते, वाळते, आणि मग हायवेला ऐंशी-नव्वदचा स्पीड धरला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक घाबरून येतात, अलाइनमेंट गेलं, म्हणजे चाकं सरळ रेषेत नाहीत, बॅलन्सिंग करा, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करा म्हणतात. बऱ्याचदा आम्ही काहीच करत नाही, चाक काढतो, आतला चिखल खरवडून धुतो आणि परत बसवतो, थरथर गेलेली असते. हे काम तुम्ही घरी पाईप आत धरून, लांब दांड्याच्या ब्रशनं करू शकता, चाक काढायचीही गरज नाही.

आता धुवायचं कसं. गाडी लांबून चालवून आणली आणि लगेच चाकावर गार पाणी, असं अजिबात करू नका. ब्रेकच्या डिस्क तापलेल्या असतात, त्यांच्यावर एकदम थंड पाणी पडलं की त्या वाकू शकतात, मग ब्रेक दाबला की पेडल पायाखाली उड्या मारतं. अर्धा-पाऊण तास थांबा, हात लावून रिम गार लागली की सुरू करा, आणि सावलीत, कारण उन्हात साबण तिथंच वाळतो आणि डाग पडतात. चाकं सगळ्यात आधी धुवायची, बॉडी नंतर. आणि चाकाची बादली वेगळी, फडकं वेगळं. हे मी प्रत्येकाला सांगतो कारण पुढच्या चाकांवर जी काळी भुकटी बसते ना, ती नुसती धूळ नाही, ब्रेक पॅड आणि डिस्क झिजून निघालेले लोखंडाचे बारीक कण आहेत त्यात, तेच फडकं तुम्ही दारावर फिरवलं की पेंटवर ओरखडे आलेच समजा. पुढचे ब्रेक जास्त काम करतात म्हणून पुढची चाकं मागच्यापेक्षा काळी दिसतात, त्यात बिघाड काही नाही.

आधी नुसत्या पाण्यानं माती सुटू द्या, मग कार शाम्पूचं पाणी, मऊ ब्रश, नटांच्या खोबणीत जुना टूथब्रश. एकावेळी एकच चाक घ्या आणि ते पूर्ण धुऊन मगच दुसऱ्याकडे जा. शाम्पूनं न निघणाऱ्या काळ्या ठिपक्यांसाठी आयर्न रिमूव्हर मिळतो, मारल्यावर जांभळा होतो, घाबरू नका, लोखंडाशी त्याची क्रिया होते म्हणून, पण बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवा, वाळू देऊ नका. डांबराचे ठिपके असतील तर फडक्याला थोडं टार रिमूव्हर लावून पुसा, नखानं किंवा ब्लेडनं खरवडू नका.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, संडास साफ करायचं अ‍ॅसिड अलॉय व्हीलला लावू नका. व्हिडिओत बघतात आणि करतात, पहिल्या दिवशी खूप चमकतं, पण अलॉयवर पारदर्शक लॅकरचा थर असतो तो त्या अ‍ॅसिडनं जातो आणि पुढच्या पावसाळ्यात रिमवर पांढरे फोड धरायला लागतात, मग पॉलिशही उपयोगाचं नाही. तारेची घासणी पण नको. साध्या लोखंडी रिम आणि वर प्लास्टिकचा व्हील कप असेल तर तो कप दोन्ही हातांनी ओढून काढा, मागं किती माती आणि गंज साठलाय ते बघा, धुवा, कोरडं करा, गंज असेल तिथं घासून रंगाचा हात द्या. कोकणातल्यांनी तर जास्तच. गुहागरला, मालवणला गाडी वाळूवर नेता, खाऱ्या पाण्यातून काढता, तर त्याच दिवशी संध्याकाळी गोड्या पाण्यानं चाकाच्या आतून-बाहेरून आणि मडगार्डच्या आतून धुवायलाच पाहिजे, मीठ रात्रभर लोखंडावर ठेवायचं नाही.

टायरला येऊ. टायर तपकिरी पडले की लोकांना वाटतं खराब झाले. तसं नाही, रबर तडकू नये म्हणून कंपनीनं त्यात मेण आणि रसायनं घातलेली असतात, ती हळूहळू वर येतात आणि हवेशी संबंध येऊन तपकिरी होतात. जाड ब्रश आणि शाम्पूनं घासलं की पाणी आधी तपकिरी येतं, मग काळसर, मग स्वच्छ, तोपर्यंत घासायचं. चमक पाहिजे म्हणून डिझेल, रॉकेल, जळकं ऑइल लावणारे अजून आहेत. कृपा करून नको, तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर मरतं. चमकवायचंच असेल तर टायर ड्रेसिंग घ्या, पाण्यासारखं पातळ, मॅट फिनिशवालं, आणि फक्त बाजूच्या भिंतीला, जिथं टायर रस्त्याला लागतो तिथं थेंबही नको, घसरेल.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे सगळं बोलतोय ते. टायर घासताना हातमोजा काढा आणि बाजूच्या भिंतीवरून हात फिरवा, आतली बाजू पण, ती कोणी बघतच नाही. कुठं फुगा लागला, अगदी लिंबाच्या फोडीएवढा, तर आत टायरचे धागे तुटलेत. खड्ड्यात जोरात आपटल्याचं ते काम. त्याला पॅच नाही, ट्यूब टाकून चालत नाही, टायर बदलायचा, आणि तोवर त्या गाडीनं हायवेला जायचं नाही. बारीक भेगा दिसल्या, बोट वाकवून दाबल्यावर उघडत असल्या तर रबर म्हातारं झालंय. किती म्हातारं ते टायरवरच लिहिलेलं असतं, डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी चार आकडे असतात, समजा 2319 असेल तर 2019 सालातला तेविसावा आठवडा. गाडी कमी चाललीय म्हणून टायर नवाच आहे असं धरून बसू नका.

मग नक्षी बघा. खाचांमध्ये ठराविक अंतरावर रबराच्या छोट्या पट्ट्या असतात, बाजूला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं, नक्षी त्या पट्टीबरोबर आली म्हणजे 1.6 मिलिमीटर राहिली, कायद्यानं कारला तीच शेवटची हद्द. पण पावसाळी रस्त्यासाठी मी तीन मिलिमीटरलाच बदला म्हणेन, पाणी कापायला खाच खोल लागते, गोटा झालेला टायर पाण्यावर तरंगतो आणि तेव्हा ब्रेक काही करू शकत नाही. झिजण्याची जागा पण सांगते काय ते, मधेच झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट. खाचेतले खडे चावीनं नाही, स्क्रूड्रायव्हरनं हळूच काढा, आणि खिळा दिसला तर मात्र ओढू नका, तसाच पंक्चरवाल्याकडे न्या.

हवा गार टायरमध्येच बघायची, सकाळी गाडी निघायच्या आधी किंवा जवळच्या पंपावर जाऊन. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकरवर छापलेला असतो, तोच धरायचा, भरलेल्या गाडीसाठी तिथंच वेगळा असतो. टायरवर लिहिलेला आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती, तो भरायचा नाही. हे आता जास्त महत्त्वाचं झालंय कारण नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा पूर्ण झालाय, तिथं लोक तासन्‌तास 120 ला गाडी ठेवतात, आणि हवा कमी असलेल्या टायरची भिंत प्रत्येक फेरीला वाकते, वाकून वाकून तापते, आणि तापलेला टायर फुटतो. नायट्रोजन भरू का म्हणून विचारतात, भरा, हरकत नाही, पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच आहे, दर पंधरा दिवसांनी गेज लावणं त्याच्यापेक्षा कामाचं. तपासून झालं की व्हॉल्व्हची टोपी लावायला विसरू नका, माती आत जाते.

धुऊन झालं की गाडी तशीच हँडब्रेक ओढून उभी करू नका. ब्रेक ओले असतात, रात्रीत डिस्कवर गंज धरतो, पॅड चिकटतात. सोसायटीतच एक चक्कर मारा, हळू वेगात चार-पाच वेळा ब्रेक दाबा, वाळतात. आणि त्याच दिवशी डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढा, तिला पण धुवा, तिची पण हवा बघा, चार-पाच पीएसआय जास्तच ठेवा कारण पडून पडून उतरते, जॅक फिरतोय का, पाना नटाला बसतोय का तेही बघून घ्या. नवीन गाड्यांमध्ये काही वेळा स्टेपनीच येत नाही, पंक्चर किट येतं, त्यातल्या बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती आजच वाचा.